एका गाडीची दोन बिलं

अण्णा,

तुमच्यावर मी इतकी चिडले आहे की सकाळी दोनदा चहा ठेवला आणि दोन्ही वेळा उतू गेला. शेवटी गॅस बंद करून लिहायला बसले. गेलेल्या माणसावरचा राग हळूहळू निवतो आणि मागे चांगलं तेवढं उरतं, असं लोक सांगतात. माझं तसं झालेलं नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि माझा राग आत्ता कुठे सुरू झाला आहे. तेव्हा आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. मध्येच "हं, मुद्द्याचं बोल" म्हणायचं नाही. तुमच्या त्या एका वाक्यापायी मी कितीतरी मुद्दे गिळले आहेत.

आधी बातमी सांगते. आपलं दुकान आणि काकांचं दुकान एक झालं. हो, तेच, पडाव भागातल्या रस्त्यावर आपल्या बरोबर समोरचं. आपले पणजोबा फौजेबरोबर दख्खनहून इथे उत्तरेत आले, त्यांनी फौजेचे तंबू सांभाळले, पुढे फौज गेली आणि हाती कापड राहिलं, हे तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचात. त्याच कापडाच्या धंद्यावरून सख्ख्या भावाशी वेगळे झालात हे मात्र सांगायचा नाहीत. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोघा भावांनी ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या विकल्या आणि सकाळी शटर उघडताना एकमेकांकडे पाठ केली. तुमच्या मागून काकाही गेले. मग एक दिवस त्यांचा मुलगा रस्ता ओलांडून आपल्या दुकानात आला आणि स्टूल ओढून बसला. "ताई, दो-दो दुकानें कब तक चलाएँगे? गाड्या सगळ्या ट्रान्सपोर्ट नगरला गेल्या, इथे आपण दोघं उरलोय, एकमेकांचे भाव पाडत," असं म्हणाला. त्याचं खरंच होतं. जीएसटी आल्यापासून दोन रिटर्नं, दोन गोदामं, दोन ठिकाणची डोकेदुखी. म्हणून ठरलं की एक फर्म करायची, एक गोदाम, एक हिशेब. कोणत्या घराचा हिस्सा किती, ते दोन्ही दुकानांच्या मागच्या विक्रीवरून ठरवायचं. आणि भागीदारीच्या करारात कोणाकोणाची नावं येणार, हाही एक प्रश्न होता. बाकी कोणाला तो प्रश्न वाटत नव्हता, मला वाटत होता. ज्या दुकानात मी माझं निम्मं आयुष्य घातलं, त्यात माझं नाव कुठेच नव्हतं.

दोन्ही दुकानांचे हिशेब कॉम्प्युटरवर होतेच. आपल्याकडे सॉफ्टवेअर आलं ते तुमच्या शेवटच्या काळात, आठवत असेल. तुम्ही त्या पेटीकडे संशयाने बघायचात, पण नियम घालून दिलात तो तुम्हीच. मी विचारलं होतं, पार्टीच्या जागी नाव कोणाचं टाकू, मालकाचं की ड्रायव्हरचं? तुम्ही म्हणालात, "गाडीचा नंबर टाक. मालक बदलतात, ड्रायव्हर बदलतात, गाडी तीच राहते." मी तसंच केलं. बिलं हातानेच फाडायची, कारण ट्रक रस्त्यात उभा करून ड्रायव्हर घाईत असायचा. मग दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की बिलबुकातल्या कार्बन प्रती समोर ठेवून एकेक एंट्री चढवायची. एका गाडीला दोन ताडपत्र्या लागतात, खालची आणि वरची, एकाच मापाची, एकाच भावाची. आणि आपल्या दुकानाची रीत अशी की त्यांची दोन बिलं करायची. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये तोच गाडीचा नंबर, तीच तारीख, तोच माल, तीच रक्कम, दोन वेळा. तुमच्या पश्चात मीही हीच रीत चालवली. सगळ्या पडावात अशी बिलं करणारे आपण एकटेच.

चुलतभावाचा अकाउंटंट चांगला पन्नाशीतला माणूस आहे, आणि आपण चुकू शकतो हे त्याच्या गावी नाही. त्याने दोन्ही दुकानांचा डेटा एकात घातला. दोन्हीकडचे बिल नंबर दर एप्रिलला एकपासून सुरू होत असल्यामुळे ते एकमेकांत अडकले, म्हणून त्याने जुने नंबर काढून सरसकट नवे दिले. त्यात घालता घालता लाईट गेली. आली तेव्हा त्याने काही महिने पुन्हा एकदा घातले. मग सॉफ्टवेअरला विचारलं, डुप्लिकेट एंट्र्या दाखव. त्याने आपल्या दुकानाची जवळजवळ सगळी विक्रीच लाल करून दाखवली. एवढं लाल बघून शहाणा माणूस थांबला असता. ह्याने सारख्यांमधली एक-एक ठेवून बाकी सगळ्या उडवल्या.

मला समोरच्या दुकानात बोलावलं. काकांच्या गादीसमोर, पाहुण्यासारखं. स्क्रीन माझ्याकडे वळवून तो म्हणाला, "मैडम, ये देखिए. वही गाड़ी, वही तारीख, वही रकम. सब डबल चढ़ा हुआ था. मैंने साफ़ कर दिया." आपल्या विक्रीचा आकडा निम्म्यावर आला होता. गोदामाच्या हिशेबात मात्र अशा ताडपत्र्यांचा ढीग दिसत होता ज्या कधीच्या गाड्यांवर चढून देशभर भिजत-वाळत फिरल्या. मी म्हटलं, हे डुप्लिकेट नाहीत. चुलतभाऊ खाली बघत म्हणाला, "ताई, राग नको मानूस. मोठ्या काकांनी बँकेला दाखवायला विक्री थोडी फुगवली असेल. उस ज़माने में सब करते थे." मी विचारलं, "आणि त्यांच्यामागे मी? मीही फुगवत होते का?" तो चहात बिस्कीट बुडवत राहिला.

अण्णा, तुम्हाला कोणी खोटारडे म्हणालं आणि माझं डोकं भणाणलं. तुमच्यासाठी मी भांडले. दुसऱ्याच्या दुकानात उभी राहून, आवाज चढवून, निम्मं हिंदीत निम्मं मराठीत भांडले. त्या अकाउंटंटला मी म्हटलं की माझ्या वडिलांच्या बिलावर बोट ठेवायच्या आधी हात धुऊन ये. तुम्ही ऐकलं असतंत तर छाती फुगली असती तुमची. मलाच आज त्याचा राग येतो आहे, कारण मी कोणासाठी घसा कोरडा करत होते हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

दोन बिलांचं कारण मला पक्कं ठाऊक होतं. ते तुम्ही मला चारचौघांत शिकवलं होतं. ह्यांची मिल बंद पडून फार दिवस झाले नव्हते. बिर्ला नगरची खोली सोडून आम्ही हजीऱ्याला भाड्याने आलो होतो, आणि हे दिवसभर पेपर उघडून बसायचे, पान उलटायचे नाहीत. तुम्ही म्हणालात, दुकानावर येत जा, हातखर्चाचं बघू. मी यायला लागले. असाच एक थंडीचा दिवस, भिंडकडचा एक ड्रायव्हर उभा आहे, कानाला मफलर, हात चोळतो आहे. मी कागद वाचवायचा म्हणून दोन्ही ताडपत्र्या एकाच बिलावर लिहिते. तुम्ही माझ्या हातातून बिल ओढून घेता आणि टराटरा फाडता. दुकानात गिऱ्हाईकं आहेत, शेजारचा टायरवाला आहे. "अक्कल आहे का? खालचं तिरपाल मालकाचं, वरचं ह्याचं. ह्याने आपल्या पगारातून घेतलंय. उद्या मालकाशी वाजलं, ह्याला गाडीवरून उतरवलं, तर हा आपलं तिरपाल कोणत्या तोंडाने मागणार? काय आहे ह्याच्या हातात?" मग तुम्ही स्वतः दुसरं बिल करता, त्याच्यावर त्याला विचारून त्याचं नाव घालता आणि त्याच्या हातात देता. "लो भैया, ये तुम्हारा. संभाल के रखना." तो ते घडी करून आतल्या खिशात ठेवतो. माझे कान तापलेले, डोळे भरलेले. पण घरी जाऊन मी ह्यांना काय सांगितलं असेल? म्हटलं, "अण्णा कसले आहेत बघा. ड्रायव्हरचीसुद्धा काळजी करतात." मला अभिमान वाटला होता, अण्णा.

तर मी जुना बॅकअप परत चढवायला लावला आणि म्हटलं, डुप्लिकेट मी काढीन, कोणी हात लावायचा नाही. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली घेतल्या. बिलबुकांच्या कार्बन प्रती सगळ्या होत्या, काही वाळवीने खाल्लेल्या, बहुतेक शाबूत. एका बाजूला स्क्रीन, एका बाजूला बिलबुक, असं मी बसले. काम तसं सोपं आहे, फक्त जीव खातं. दोन एंट्र्या सारख्या दिसल्या की कार्बन बघायचा. दोन लागोपाठची बिलं सापडली, एकावर नुसता गाडीचा नंबर आणि दुसऱ्यावर नंबरखाली ड्रायव्हरचं नाव, तर दोन्ही खऱ्या. एकच बिल सापडलं तर एक एंट्री जादा. लाईट गेली होती त्या महिन्यांमध्ये एका गाडीच्या चार-चार एंट्र्या होत्या, त्यातल्या दोन खऱ्या आणि दोन त्या शहाण्याने चढवलेल्या. खऱ्या एंट्रीच्या शेऱ्यात मी ड्रायव्हरचं नाव टाकत गेले, म्हणजे पुन्हा कोणी डुप्लिकेट समजू नये. हे दुपारी माझ्यासाठी डबा घेऊन यायचे आणि जाताना कीबोर्डवरची धूळ फुंकून जायचे.

आधी आधी मला त्या कामात मजाच वाटली. तुमचं अक्षर, त्याखाली माझं अक्षर, मग नुसतंच माझं. मुरैनाचा, दतियाचा, इटाव्याचा, झाशीचा ड्रायव्हर. काही नावांवरून चेहरे आठवत होते, कोणी मुलीच्या लग्नाचे पेढे आणून दिले होते, कोणी दोन वर्षांत एकदाच यायचा आणि तुमच्या पाया पडायचा. नाव टाकायचं, पुढे जायचं. आणि असं करता करता कधीतरी माझा हात थांबला. पडावच्या रस्त्याने गेलेल्या प्रत्येक ड्रायव्हरचं नाव ह्या पेट्यांमध्ये आहे. त्याची ताडपत्री त्याची आहे असं सांगणारा कागद तुम्ही प्रत्येकाला दिलात, आग्रहाने दिलात, तो नको म्हणाला तरी दिलात. मी तुमच्या शेजारी बसून ते कागद लिहिले. आणि माझं नाव? माझं नाव मला एकाही पेटीत सापडलं नसतं.

माझं नाव नसल्याचा हा हिशेब मी लावायच्या आधीच चुलतभावाने लावला होता, फक्त त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी त्याला बोलावून तोवर लागलेली एक एक जोडी दाखवली. तो मान हलवत बघत राहिला, कान पकडले, म्हणाला, "गलती हो गई ताई. मोठे काका सही थे." अकाउंटंटलाही माझ्यासमोर दोन शब्द सुनावले. आपल्या दुकानाचा हिस्सा पूर्ववत धरायचं ठरलं. मी मोकळा श्वास घेते न घेते तोच तो उठता उठता म्हणाला, "चला, मग करार टाईप करायला देतो. दोन नावं, माझं आणि दादाचं. दादाला सहीला पुण्याहून कधी बोलवायचं, तू सांग." मी म्हटलं, "आणि मी?" त्याला खरंच कळलं नाही मी काय विचारते आहे. "तू तर आहेसच ना ताई," तो म्हणाला.

तू आहेसच. अण्णा, हे शब्द त्याचे नाहीत, तुमचे आहेत. त्याचा दादा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तेव्हा पुण्याहून आला होता, सगळे स्वयंपाकघरात जेवायला बसले होते आणि मी पुऱ्या तळत होते. आई वाढत होती. तुम्ही पहिला घास घेतलात आणि सांगितलंत, "दुकान ह्याच्या नावावर करून आलो. वकिलाकडचं काम झालं." धाकटा घास हातात धरून म्हणाला, "मला कशाला अण्णा? मी कुठे इथे येणार आहे?" तुम्ही म्हणालात, "नाव मुलाचं असावं." मग माझी आठवण झाली असावी. मान वर न करता, ताटातल्या बटाट्याच्या भाजीला सांगितल्यासारखं म्हणालात, "तू आहेसच." आई ओरडली, "अगं, पुरी जळते आहे!" मी काळी पुरी काढली आणि दुसरी सोडली. एवढंच. त्यावर मी एक अक्षर बोलले नाही, आणि तुम्हाला वाटलं असेल की मला पटलं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही माझ्यासाठी नया बाज़ारातून खुर्ची आणलीत. तोवर मी स्टुलावर बसत होते, कंबर दुखायची. हातांची, वेताच्या पाठीची, चांगली खुर्ची. टेम्पोतून उतरवताना तुम्ही स्वतः धरलीत. टायरवाल्याला म्हणालात, "बेटी के लिए लाया हूँ." मी खूश झाले, अण्णा. घरी सांगितलं, शेजारी सांगितलं. मूर्खासारखी कितीतरी दिवस खूश होते. दुकान त्याला आणि खुर्ची मला, ही वाटणी मला तेव्हा दिसलीच नाही.

मला एवढंच विचारायचं आहे की तुम्हाला कळत नव्हतं असंही नाही ना? कळत नसतं तर मी चिडले नसते. जुना माणूस, मुलींना कुठे काय द्यायची रीत होती, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण कागदाची किंमत तुमच्याइतकी पडावात कोणाला कळत होती? हातात कागद नसला की कष्ट करणाऱ्या माणसाला एका दिवसात गाडीवरून उतरवतात, हे मला तुम्ही शिकवलंत. परक्या ड्रायव्हरसाठी तुम्ही स्वतःच्या मुलीला चारचौघांत रडवलंत. आणि त्याच मुलीची पाळी आली तेव्हा तुम्हाला कागद सुचला नाही. मी रोज तुमच्या हाताच्या अंतरावर बसलेली होते. तुमचा पेन माझ्या खणात असायचा. तुम्ही आजारी पडलात तेव्हा हॉस्पिटलातून दुकान, दुकानातून हॉस्पिटल मी केलं. तुम्ही गेल्यावर तेरावं होताच शटर मी उघडलं. जीएसटीचं सगळं मी शिकले, नाव धाकट्याचं, पॅन धाकट्याचं, आणि सही करण्याचा अधिकार तेवढा मला. त्या अधिकाराचंही पत्र धाकट्याने दिलं, तुम्ही नाही. मला ह्याचं रडू येत नाही, रागच येतो. तुमच्या फोटोसमोरून जाताना मी हल्ली पदर सावरत नाही.

मी चुलतभावाला सांगितलं की काम थांबलं. निम्म्या जोड्या मी लावल्या आहेत, निम्म्या तशाच आहेत, पेट्या मी घरी नेल्या आहेत. करारात माझं नाव येईल तेव्हा पुढची जोडी लागेल. तो आधी हसला, मग माझं तोंड बघून निघून गेला. दोन दिवसांनी त्याने धाकट्याला फोन केला. काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण त्याने त्याला म्हटलं म्हणे, "दादा, मला चार भिंतींचं काय करायचंय? गिऱ्हाईक ताईला ओळखतं. ताई नहीं तो मैं भी नहीं." त्याचं प्रेम उतू चाललेलं नाही. त्याला धंदा कळतो. पण काकांच्या मुलाला जे कळलं ते तुमच्या मुलाला कळायला त्याला गाडीत बसून इथवर यावं लागलं.

धाकटा आला तो थेट दुकानात. तुमच्या गादीवर बसावं की नको अशा विचारात उभा राहिला, शेवटी माझ्याच खुर्चीत बसला. आता त्याची मराठी इस्त्री केल्यासारखी झाली आहे, आमची ऐकून त्याला हसू येतं. म्हणाला, "ताई, हे काय चाललंय तुझं? तुला माझ्यावर विश्वास नाही?" मी म्हटलं, "आहे." "मग? इतकी वर्षं मी एक पैसा तरी मागितला का? सगळं तूच बघतेस. तू आहेसच. कागदाने काय फरक पडतो?" मी म्हटलं, "फरक पडत नसेल तर दे."

चुलतभाऊ रस्त्याकडे बघत उभा होता. मग मी माझं म्हणणं सांगितलं, पाठ करूनच आले होते. दुकानाची जागा अण्णांनी तुला दिली, ती तुझी. तिचं भाडं दर महिन्याला तुला मिळेल, मी स्वतः पाठवीन. पण भागीदारीत धंदा जातो आहे, आणि धंदा मी केला. तिथे तुझ्या नावाच्या जागी माझं नाव. धाकट्याचा चेहरा उतरला. तो वाईट नाही, अण्णा. त्याने कधी मला ओरबाडलं नाही, कधी हिशेब विचारला नाही. ज्याला ताटात वाढून मिळतं त्याला वाढणारीचा हात दिसत नाही, तेवढाच त्याचा दोष. खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत तो जे बोलू नये ते बोलला. "अण्णांना काय वाटलं असतं, ताई?"

मी म्हटलं, "जा, विचारून ये."

असं बोलायला नको होतं, हे तोंडातून निघतानाच कळलं. पण परत घेतलं नाही. धाकटा उठून रस्त्यावर गेला, स्टेशनच्या बाजूला चालत गेला, तासाभराने परत आला. त्याचे डोळे लाल होते. "काय लिहायचं ते लिहा, मी उद्या सही करतो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी वकिलाकडे त्याने आपलं नाव काढून घेतलं, माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी इतक्या घाईने सही करायला गेले की वकील म्हणाला, "आराम से, बहनजी, कोई जल्दी नहीं है." त्याच संध्याकाळच्या गाडीने धाकटा गेला. जेवायला घरी आला नाही. मी डबा भरून ह्यांना स्टेशनवर पाठवलं, तो त्याने घेतला नाही. ह्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "थोडे दिवस जाऊ दे." त्याला आता महिना होत आला. मी भाडं पाठवलं, पोचल्याचा एका शब्दाचा मेसेज आला, ताई म्हणून हाकही नव्हती त्यात.

मी कामाला परत लागले आहे. उरलेल्या जोड्या लावते आहे. काकांच्या दुकानाच्याही काही एंट्र्या आता माझ्याकडेच आहेत, त्यांनी तर उधारीच्या खात्यात एकेका ट्रान्सपोर्टवाल्याला तीन-तीन ठिकाणी घालून ठेवलं आहे. चुलतभाऊ परवा कोणाला तरी फोनवर सांगत होता, "ताई अगदी मोठ्या काकांवर गेलीय." मी आतून ओरडले की मी कोणावर गेले नाही. दोघंही दचकले, तो आणि फोनवरचा.

आता मुद्द्याचं. अण्णांना काय वाटलं असतं, असं धाकट्याने विचारलं ते मी फणकाऱ्याने उडवून लावलं, पण त्याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही असता तर यातलं काहीच झालं नसतं. तुम्ही नको म्हटलं असतंत म्हणून नाही. मी मागितलंच नसतं. तुम्ही गादीवर बसलेले असता, धाकट्याने सही केली असती, आणि मी सगळ्यांसाठी चहा सांगून त्या जोड्या मुकाट्याने लावून दिल्या असत्या. तुम्ही नाहीत म्हणून मला बोलता आलं. हे पत्रही, तुमचा पत्ता राहिला नाही म्हणून पडून राहणार असं नाही, अण्णा. तुम्ही आत्ता पलीकडच्या खोलीत असता, तरी मी ते तुमच्या हातात दिलं नसतं.